अ‍ॅल्युमिनियमच्या आट्यांत जाम झालेला बोल्ट: आटे वाचवून तो कसा सोडवावा

जुन्या मोटरसायकलीचे इंजिन उघडायला बसताना एक गोष्ट आधीच पक्की ठरवावी लागते, ती म्हणजे वाचवायचे काय. पोलादी बोल्ट कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात सुटा मिळतो. तो ज्या अ‍ॅल्युमिनियमच्या केसिंगमध्ये बसलेला असतो, ते केसिंग मात्र आता कोणी ओतून देणार नाही. जावा-येझदी बनवणारा मैसूरचा आयडियल जावाचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला आणि राजदूत ३५० बाजारातून जाऊनही तीन दशके उलटून गेली. त्यामुळे या गाड्यांची चांगली केसिंग व हेड आज जुन्या बाजारात शोधूनच मिळवावी लागतात. म्हणून माझा नियम असा आहे की बोल्ट मोडला, कापावा लागला, पोखरून काढावा लागला तरी चालेल, पण केसिंगमधले आटे जाता कामा नयेत. पुढची प्रत्येक कृती याच नियमावर आधारलेली आहे.

हा नियम मी नुकसान सोसून शिकलो. कोकणातल्या एका घराच्या पडवीत कित्येक पावसाळे उभी असलेली येझदी मी उघडायला घेतली होती. क्लच कव्हरचा एक स्क्रू हलेना, म्हणून पान्याला लांब पाइप लावून मी जोर दिला. स्क्रू फिरला खरा, पण तो बाहेर आला तेव्हा त्याच्याभोवती चांदीच्या तारेसारखी चकाकणारी एक गुंडाळी होती. ती तार म्हणजे केसिंगमधले सगळे आटे होते. भोकात बोट घातले तर आत गुळगुळीत भिंत लागली. तेवढा एक स्क्रू काढण्यासाठी पाच मिनिटे वाचवली आणि ते भोक दुरुस्त करण्यात पूर्ण दिवस गेला.

आटे जाम का होतात

अ‍ॅल्युमिनियम आणि पोलाद एकमेकांना टेकलेले असताना मध्ये ओलावा शिरला, की त्या जोडीची छोटी बॅटरी तयार होते आणि तिच्यात झिजते ते अ‍ॅल्युमिनियम. समुद्रकाठच्या हवेत किंवा घामट हातांमुळे त्या ओलाव्यात मीठ मिसळले, की ही झीज फार वेगाने होते. झिजलेल्या अ‍ॅल्युमिनियमची जी पांढरी भुकटी बनते, ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते. आट्यांमधल्या अरुंद फटीत ती दाबून बसते आणि बोल्टाला सिमेंटासारखी धरून ठेवते. बोल्टाच्या डोक्याभोवती किंवा कव्हरच्या सांध्यावर पांढरा पापुद्रा दिसत असेल, तर आत हेच घडलेले आहे असे समजावे.

दुसरे कारण घर्षणाचे आहे. अ‍ॅल्युमिनियम मऊ असते, आणि कोरडा बोल्ट जोराने आवळला की त्याचे कण बोल्टाच्या आट्यांना चिकटून ओढले जातात. स्टेनलेस स्टीलच्या बोल्टांत ही खोड जास्त दिसते. स्पार्क प्लग आणि सायलेन्सरच्या स्टडांना (बिनडोक्याच्या बोल्टांना) याशिवाय कार्बनचा आणि रोजच्या तापण्या-निवण्याचा त्रास असतो.

तापण्या-निवण्याचे गणित मात्र नीट समजून घ्यावे, कारण जाम बोल्ट सोडवण्याचे सर्वांत मोठे साधन त्यातच आहे. दर अंश सेल्सिअसला अ‍ॅल्युमिनियम साधारण दहा लाखांत २३ भागांनी प्रसरण पावते, तर पोलाद सुमारे १२ भागांनी. म्हणजे ८ मिलिमीटरचा बोल्ट आणि त्याच्याभोवतीचे केसिंग अशी दोन्ही १०० अंशांनी तापवली, तर भोक बोल्टापेक्षा जवळजवळ एक शतांश मिलिमीटरने जास्त मोठे होते. ऐकायला हा आकडा क्षुल्लक वाटतो, पण आट्यांत दाबून बसलेल्या भुकटीची पकड सैल व्हायला एवढी मोकळीक बहुतेक वेळा पुरते.

पाना लावण्यापूर्वी

पहिला अर्धा तास फक्त साफसफाईला द्यावा. डोक्याभोवतीची माती आणि जुने तेल पितळी ब्रशने काढावे. स्क्रूच्या खाचेत वर्षानुवर्षांचा थर दगडासारखा बसलेला असतो. तो दाभणाने पूर्ण तळापर्यंत उकरून काढल्याशिवाय पेचकस खाली बसत नाही, आणि अर्धवट बसलेला पेचकस खाच हमखास खातो. जावा-येझदीच्या कव्हरांना साध्या सरळ खाचेचे स्क्रू आहेत, त्यांना खाचेच्या पूर्ण रुंदीचे आणि जाडीचे पाते हवे. यामाहाच्या आरडी ३५० (आपल्याकडची राजदूत ३५०) आणि आरएक्स १०० या गाड्यांवर जे फुलीच्या खाचेचे स्क्रू दिसतात, ते जपानी मानकाचे असतात. बाजारात मिळणारा नेहमीचा फिलिप्स पेचकस त्यात पूर्ण खाली उतरत नाही आणि जोर दिला की वर उचलला जाऊन फुली गोल करतो. जपानी मानकाचा बिट वेगळा मागून घ्यावा. त्याची किंमत एका वाया गेलेल्या स्क्रूच्या मनस्तापापेक्षा नक्कीच कमी असते.

बिट नीट बसला की बोल्टाच्या डोक्यावर सरळ वरून हातोडीचे पाच-सहा मध्यम ठोके द्यावेत. त्या धक्क्याने आट्यांमधली ठिसूळ भुकटी तडकते आणि तेल आत जायला वाट मिळते. ठोके बोल्टाच्या अक्षात पडले पाहिजेत. तिरका ठोका केसिंगचा कान तोडतो. स्क्रूंसाठी हातोडीने मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर हे उत्तम साधन आहे, कारण तो एकाच क्षणी खाली दाबतो आणि फिरवतो. मात्र केसिंगच्या खाली लाकडी ठोकळ्याचा भक्कम आधार असावा.

त्यानंतर भेदक तेल सोडावे. बाजारातला स्प्रे चालतो, आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल व अ‍ॅसिटोन समप्रमाणात मिसळून केलेले मिश्रणही अनेक जण वापरतात. अ‍ॅसिटोन मिश्रणातून वेगळे होत असल्याने ते दर वेळी ढवळून घ्यावे लागते. दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे सोडून निदान एक रात्र जाऊ द्यावी. तेलाकडून मात्र अवास्तव अपेक्षा ठेवू नये. ते घर्षण कमी करते, पण अ‍ॅल्युमिनियमची पांढरी भुकटी विरघळवत नाही. भुकटी विरघळवण्याच्या नादात काही जण कॉस्टिक सोड्याचे पाणी वापरतात, ते कधीही करू नये. कॉस्टिक सोडा भुकटीबरोबर केसिंगही खातो.

उष्णतेचे काम

तेल पुसून, सुकू देऊन, पेट्रोलची टाकी व कार्ब्युरेटर गाडीपासून दूर ठेवून मगच उष्णतेला हात घालावा. अ‍ॅसिटोनचे मिश्रण वापरले असेल तर ही काळजी दुप्पट घ्यावी. माझी पसंती हीट गनला आहे, गॅसच्या ज्योतीला नाही. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, ओतीव मिश्रधातू त्याच्याही आधी मऊ पडतात, आणि पोलाद जसे तापल्यावर लाल होऊन इशारा देते तसे अ‍ॅल्युमिनियम देत नाही. ते शेवटपर्यंत रुपेरीच दिसते आणि मग एकदम खचते.

तापमान ओळखायला तव्याची परीक्षा पुरेशी आहे. तापलेल्या केसिंगवर पाण्याचा थेंब टाकला आणि तो चर्र करून उकळून गेला, तर आपण शंभर अंशांच्या पुढे आलो आहोत. थेंब न उकळता मोत्यासारखा गोल होऊन पृष्ठभागावर पळू लागला, तर तापमान दोनशेच्या आसपास गेले आहे, तिथे थांबावे. त्यापुढे ऑइल सील आणि रबर जळतात, रंग करपतो, आणि मिश्रधातूला उष्णतोपचाराने आलेली ताकदही कमी होऊ लागते.

गरम करायचे ते केसिंग, बोल्ट नव्हे. हीट गन बोल्टाभोवती गोलाकार फिरवत राहावी, म्हणजे भोक सगळीकडून सारखे उघडते. तापलेल्या बोल्टाच्या मुळाशी मेणबत्ती टेकवली तर मेण वितळून फटीत शोषले जाते आणि आट्यांना ओंगण मिळते. हा जुन्या मिस्त्र्यांचा उपाय मी अनेकदा वापरला आहे आणि तो खरोखर चालतो. आता पाना लावून आधी आवळण्याच्या दिशेने किंचित, अगदी केसभर, जोर द्यावा आणि मग सोडवण्याच्या दिशेने.

या क्षणी हाताला काय जाणवते याकडे सगळे लक्ष असावे. ‘कट्ट’ असा कोरडा आवाज येऊन बोल्ट जरासा हलला, तर पकड सुटली. पाना फिरतो आहे पण स्प्रिंगसारखा लवचीक वाटतो, सोडला की मागे येतो, तर बोल्ट सुटत नसून पिळला जातो आहे. आणखी जोर दिला की तो तुटणार. आणि पाना मऊपणे, लोण्यातून जावा तसा फिरू लागला, तर आटे फाटायला सुरुवात झाली आहे. शेवटच्या दोन्ही वेळी ताबडतोब थांबून पुन्हा तेल आणि पुन्हा उष्णता असा फेरा सुरू करावा. काही बोल्टांना असे पाच-सहा फेरे लागतात.

बोल्ट हलला म्हणून तो सरसर काढायलाही घेऊ नये. एक अष्टमांश फेरा बाहेर, तेल, पुन्हा थोडा आत, मग थोडा जास्त बाहेर, असे करत यावे. सुटलेली भुकटी आट्यांत गोळा होऊन पुन्हा पाचरीसारखी अडकते, आणि बरेचसे आटे पहिल्या जोरात नव्हे तर या घाईत जातात.

स्पार्क प्लगची गोष्ट वेगळी आहे. तापलेल्या हेडचे आटे मऊ असतात, म्हणून प्लग नेहमी थंड इंजिनातून काढावा. तो थंड असताना हललाच नाही, तर तेल सोडून रात्रभर ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी हेड हाताला सोसवेल इतपतच कोमट करून पुन्हा प्रयत्न करावा. चुकीच्या लांबीचा प्लग हे जाम होण्याचे एक मोठे कारण आहे. एनजीकेच्या क्रमांकात एच या अक्षराचा अर्थ १२.७ मिलिमीटर लांबीचे आटे आणि ई चा अर्थ १९ मिलिमीटर. आरडी ३५० ला बी८एचएस म्हणजे आखूड प्लग लागतो. तिथे लांब प्लग बसवला तर जास्तीचे आटे ज्वलनकक्षात डोकावतात, त्यांवर कार्बन चढतो, आणि काढताना तो कार्बन हेडचे आटे खरवडून बाहेर येतो. पिस्टनला धडकण्याची भीती असते ती निराळीच.

बोल्ट तुटला तर

स्टडचा तुकडा वर राहिला असेल तर परिस्थिती अजून हातात आहे. त्यावर दोन नट चढवून ते एकमेकांवर आवळावेत आणि खालच्या नटाला पाना लावून फिरवावे. एवढे आटे शिल्लक नसतील, तर तुकड्यावर एक मोठा नट ठेवून त्याच्या मधून वेल्डिंग करून घ्यावे. वेल्डिंगची उष्णता बोल्टातून थेट आट्यांपर्यंत जाते आणि निवताना पोलाद आकसते, त्यामुळे नट पुरेसा थंड झाल्यावर तुकडा अनेकदा सहज फिरतो. वेल्डिंगपूर्वी बॅटरी सोडवावी आणि गाडीला सीडीआय (ठिणगीचे इलेक्ट्रॉनिक युनिट) असेल तर तोही काढून ठेवावा.

तुकडा केसिंगच्या पातळीतच तुटला असेल, तर त्याचा मध्यबिंदू शोधणे हेच खरे कौशल्य आहे. तुटलेला पृष्ठभाग आधी कानसीने किंवा ग्राइंडरने सपाट करावा, मग सेंटर पंचाने खूण करून डाव्या फिरकीच्या ड्रिल बिटने बारीक भोक पाडायला सुरुवात करावी. हा बिट उलट्या दिशेने फिरत असल्याने मध्येच कधीतरी बोल्ट स्वतःच सुटून बाहेर येऊ लागतो. पंच एका बाजूला पडला तर बिट मऊ अ‍ॅल्युमिनियमकडे सरकतो आणि पुढचे सगळे काम बिघडते, म्हणून खुणेवर समाधान होईपर्यंत ड्रिल हातात घेऊ नये.

तुटलेला बोल्ट काढण्यासाठी जो उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर मिळतो, त्याबद्दल मी सावध करू इच्छितो. तो कडक पण ठिसूळ असतो. जो बोल्ट पान्याच्या जोराने सुटला नाही, तो त्याहून बारीक एक्स्ट्रॅक्टरने सुटेल अशी शक्यता कमीच असते, आणि एक्स्ट्रॅक्टर आत मोडला तर साध्या ड्रिलने तो पोखरताही येत नाही. एम ६ च्या, म्हणजे ६ मिलिमीटर व्यासाच्या, तुकड्यांसाठी मी तो वापरणे सोडून दिले आहे.

मोडका एक्स्ट्रॅक्टर, टॅप (भोकात आटे पाडायचे हत्यार) किंवा बोल्ट आत अडकलाच, तर घरात सापडणारी एक वस्तू उपयोगी पडते: तुरटी. तुरटीचे गरम संपृक्त द्रावण पोलादाला हळूहळू विरघळवते आणि अ‍ॅल्युमिनियमला जवळजवळ हात लावत नाही; घड्याळजी पितळी पट्टीत मोडलेला पोलादी तुकडा काढायला हीच युक्ती वापरतात. भाग पूर्ण सुटा करून, त्यातली बेअरिंगे, पिना व इतर पोलादी वस्तू काढून, काचेच्या किंवा एनॅमलच्या भांड्यात तो द्रावणात बुडवावा आणि द्रावण उकळीच्या खाली गरम ठेवावे. तुकड्यावरून बारीक बुडबुडे सतत वर येऊ लागले की काम सुरू झाले असे समजावे. ते बुडबुडे हायड्रोजनचे असतात, म्हणून हे काम उघड्यावर आणि ज्योतीपासून दूर करावे. मधूनमधून काळा थर खरवडावा आणि द्रावण बदलावे. तुकड्याच्या आकारानुसार यात काही तासांपासून एक-दोन दिवसांपर्यंत वेळ जातो. स्टेनलेस बोल्टावर हा उपाय चालत नाही. तसेच ज्या सिलिंडरमध्ये बिडाचा लाइनर आहे तो चुकूनही तुरटीत बुडवू नये, कारण द्रावण लाइनरही खाते.

आटे गेलेच असतील तर

हेलिकॉइल, म्हणजे गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायची तारेची गुंडाळी, हा भरवशाचा उपाय आहे. नीट बसवला तर अ‍ॅल्युमिनियममधल्या मूळ आट्यांपेक्षा तो मजबूत ठरतो, त्यामुळे तो लावण्यात कमीपणा मानू नये. एम ६ साठी ६.३ मिलिमीटरचे ड्रिल लागते. ड्रिल केसिंगला काटकोनात धरावे, खोलीची खूण म्हणून बिटवर चिकटपट्टी गुंडाळावी, आणि अ‍ॅल्युमिनियम बिटला चिकटू नये म्हणून रॉकेलचे थेंब सोडत राहावे. किटमधला टॅप मारून कीस पूर्ण उडवल्यावर तारेची गुंडाळी पृष्ठभागाच्या पाव ते अर्धा फेरा खाली जाईपर्यंत फिरवावी आणि तिची शेपटी तोडून बाहेर काढावी. स्पार्क प्लगच्या भोकासाठी मात्र मी तारेपेक्षा जाड भिंतीची भरीव बुश पसंत करतो, आणि ते काम हेड उतरवून चांगल्या लेथवाल्याकडूनच करून घ्यावे. हेड गाडीवर असताना टॅप मारला तर कीस थेट सिलिंडरमध्ये पडतो.

टॅप मारण्याआधी भोक कोणत्या मापाचे आहे याची खात्री करावी, कारण जुन्या बुलेटवर ब्रिटिश मापाचे आटे असतात. पाव इंची बारीक आट्यांचा इंचाला २६ आटे असा हिशेब असतो, म्हणजे एका आट्याचे अंतर ०.९८ मिलिमीटर. एम ६ चे अंतर १ मिलिमीटर. त्यामुळे एम ६ चा स्क्रू त्या ६.३५ मिलिमीटरच्या भोकात हाताने छान फिरत जातो, बसल्यासारखा वाटतो, आणि आवळताक्षणी आट्यांची फक्त टोके धरून ती सोलून काढतो. कितीतरी बुलेटचे आटे जाम होऊन नव्हे, तर असे गेले आहेत. शंभर-दोनशे रुपयांचा थ्रेड गेज या एका कारणासाठी पेटीत असावा.

पुन्हा बसवताना

पुढचा त्रास टाळायचा दिवस म्हणजे बोल्ट बसवण्याचा दिवस. आटे साफ करायला कापणारा टॅप वापरू नये, तो दर वेळी थोडे चांगले अ‍ॅल्युमिनियमही घेऊन जातो. त्याच मापाच्या जुन्या बोल्टाला हॅक्सॉने लांबीत एक-दोन खाचा पाडल्या की मळ काढण्यापुरते हत्यार घरीच तयार होते. तळ बंद असलेल्या भोकात तेल किंवा पाणी राहू देऊ नये. बोल्ट आत जाताना अडकलेल्या तेलाला बाहेर पडायला जागा मिळत नाही आणि त्या दाबाने केसिंगला तडा जातो.

आट्यांना अँटी-सीझ (जाम होऊ न देणाऱ्या) पेस्टचा पातळ थर द्यावा, एवढा की आटे झाकले जातील पण भोकातून बाहेर ओघळणार नाही. अ‍ॅल्युमिनियममध्ये मी निकेलची किंवा झिंकची पेस्ट घेतो. तांब्याची पेस्ट सर्रास वापरली जाते, पण तांबे आणि अ‍ॅल्युमिनियम ही गंजाच्या दृष्टीने चांगली जोडी नाही. ओंगणलेला बोल्ट तेवढ्याच टॉर्कला कोरड्यापेक्षा बराच जास्त ताणला जातो, म्हणून कोरड्या आट्यांसाठी दिलेला आकडा पाव भागाने तरी खाली आणावा. एम ६ च्या कव्हर स्क्रूंना एरवी ८ ते १० न्यूटन-मीटर पुरतात, आणि एवढा जोर टी-पान्याला दोन बोटांनी धरूनही सहज लागतो.

देखणेपणासाठी सगळे स्क्रू बदलून स्टेनलेसचे अ‍ॅलन बोल्ट लावण्याची पद्धत आज फार पसरली आहे. समुद्रकाठच्या गाडीला तसे करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. गंजाच्या क्रमवारीत स्टेनलेस अ‍ॅल्युमिनियमपासून दूर असते आणि झिंक जवळ असते, म्हणून झिंकचा मुलामा दिलेला साधा पोलादी बोल्ट केसिंगला कमी त्रास देतो. तो काही वर्षांनी स्वतः गंजेल, पण बदलायची वस्तू तोच आहे.

प्लगच्या बाबतीत एनजीके आपल्या मुलामा दिलेल्या प्लगांना अँटी-सीझ लावू नका असे सांगते, कारण त्यामुळे प्लग गरजेपेक्षा जास्त आवळला जातो. १४ मिलिमीटरच्या प्लगला अ‍ॅल्युमिनियम हेडमध्ये २५ ते ३० न्यूटन-मीटर लागतात. टॉर्क पाना नसेल, तर नवा प्लग बोटांनी पूर्ण बसवून पुढे अर्धा ते दोन तृतीयांश फेरा द्यावा. जुनाच प्लग परत लावताना वॉशर आधीच दबलेला असतो, तेव्हा एक द्वादशांश फेरा पुरे.

दसऱ्याला पूजेसाठी गाडी धुतली जातेच. त्याच्या आदल्या दिवशी इंजिन थंड असताना प्लग एकदा काढून परत बसवावा आणि कव्हरचे स्क्रू एकेक करून पाव फेरा सोडून पुन्हा आवळावेत. ज्या स्क्रूच्या डोक्याभोवती पावसाळ्याची पांढरी भुकटी दिसेल, तो पूर्ण बाहेर घेऊन पितळी ब्रशने घासावा, भोक वाळवावे आणि नवी पेस्ट लावूनच परत बसवावा.